साडेतीन मिनिटांची कविता

भावगीत म्हटलं की आपल्याला वाटतं, हे पूर्वीपासून असणारच. ओवी आहे, अभंग आहे, लावणी आहे, तसंच भावगीत. पण हिशोब केला तर भावगीताचं वय जेमतेम नव्वद-पंच्याण्णव भरतं. आमच्या थोरल्या आत्याहून ते पाच-सहा वर्षांनीच मोठं आहे म्हणा ना! अभंगाला देऊळ मिळालं, लावणीला फड मिळाला. भावगीताचं पाळणाघर मात्र एका कंपनीची ध्वनिमुद्रणाची खोली. समोर श्रोता कोणी नाही, फक्त एक यंत्र.

हे आत्ताच लिहायचं कारण घरगुती आहे. कवठे महांकाळचं आमचं घर, म्हणजे माझं माहेर, या वर्षअखेरीला रिकामं करायचं ठरलंय. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात जुन्या ७८ च्या ४३ तबकड्या निघाल्या. सहा फुटलेल्या, चार तडकलेल्या, बाकी धड. लगेच भावंडांमध्ये चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, भंगारवाल्याला विचारू. एक वहिनी म्हणाल्या, प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक घेऊ. पुण्याच्या पुतण्याने विचारलं, "आत्या, हे सगळं यूट्यूबवर असेलच की. मग ही धूळ कशाला सांभाळायची?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही, म्हणून हा लांबलचक लेख. ब्लॉगवरच्या नेहमीच्या मंडळींनी घरगुती भाग ओलांडून पुढे गेलं तरी राग नाही. नातेवाइकांनी मात्र शेवटपर्यंत वाचायचं आहे.

तर मंडळी, आधी गाव. कवठे महांकाळ मिरजेच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. आता तिकडे द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड दिसतात, पण आमच्या आजोबांच्या काळात बाजरी, ज्वारी, मेंढरं आणि आभाळाकडे बघणं एवढंच होतं. १९२७ साली मिरज-पंढरपूर रेल्वे झाली. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी रुळांची गाडी. (आता तिथे ब्रॉडगेज आहे.) आमच्या आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, किराणा मालासाठी त्या गाडीने मिरजेला जात. फोनो त्याच गाडीने घरी आला असं आत्या सांगते. साल तिला आठवत नाही. तिचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

त्या काळच्या मिरज-सांगलीकडे गाण्याची कमतरता नव्हती. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहत होते. तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारागिरांची घरं तिथेच. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं होतं, आणि १९३० च्या दशकात मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाडही सांगलीतच होतं. पण हे सगळं मिरज-सांगलीला. आमच्याकडे काय होतं? देवळातलं भजन, कीर्तन, जत्रेतला तमाशा, धनगरांच्या ओव्या आणि जात्यावरच्या बायकांच्या ओव्या. नाटक बघायचं तर मिरज गाठायची. आणि घरातल्या बायकांनी नाटकाला जायचा प्रश्नच नव्हता.

फोनोची एक मोठी सोय म्हणजे त्याला वीज लागत नसे. चावी फिरवायची, स्प्रिंग गच्च झाली की तबकडी ठेवायची, कर्ण्याच्या मानेत नवी सुई बसवायची आणि हलकेच टेकवायची. पोलादी सुई एका बाजूपुरती. दुसऱ्या बाजूला दुसरी. अण्णा कंजूष असल्यामुळे एकेक सुई चार-चार वेळा वापरली जाई, हे तबकड्यांकडे बघून आजही कळतं. चावी कमी पडली तर शेवटी शेवटी गाणं मंदावत जाऊन गायक रडायला लागे, आणि सोप्यात बसलेला कोणीतरी धावत जाऊन चावी देई.

आता त्या तबकडीकडे जरा नीट बघू. दहा इंचांची, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन ते साडेतीन मिनिटं. मुख्य जिन्नस लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते ती आपली लाख. जगभरच्या तबकड्यांसाठी ती मुख्यतः हिंदुस्थानातूनच जात असे. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. म्हणून ती जड, ठिसूळ आणि काळी. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जानचं गाणं घेऊन गेला. त्या वेळी तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जात. १९०८ पासून त्या कलकत्त्यातच छापल्या जाऊ लागल्या.

पण त्या पहिल्या वीसेक वर्षांत मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. त्याच्या आवाजाच्या जोराने पडदा हलायचा, पडद्याला लावलेली सुई मेणात खाच पाडायची. विजेचा संबंधच नाही. त्यामुळे जोर लागे. हलकं गायलं तर खाचच पडायची नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की कर्ण्याला वरचे बारीक आवाज पकडता येत नसत. 'स' आणि 'श' यांचा सगळा जीव त्या बारीक, वरच्या सुसकाऱ्यात असतो. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांत ही अक्षरं जवळजवळ पुसली गेलेली असतात. सूर ऐकू येतो, तान ऐकू येते, शब्द आपण ओळखीने भरून घेतो.

रंगभूमीवरची परिस्थिती वेगळी होती, पण परिणाम तोच. ध्वनिक्षेपक नाहीत, मांडव मोठा, शेवटच्या रांगेतल्या माणसानेही पैसे मोजलेले. म्हणून नाटकातले पुरुष गायक चढ्या पट्टीत गात. टिपेचा, धारदार, लांब फेकलेला आवाज. त्यात त्यांची कमाल होती यात शंका नाही. दीनानाथांची तान आजही अंगावर येते. पण त्या आवाजात कानाशी बोलता येत नाही. ज्याला हजार माणसांना ऐकू जायचंय त्याने एकाला काही सांगायचं कसं?

१९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि पुढच्या काही वर्षांत ते आपल्याकडे पोचलं. गायकापुढचा कर्णा गेला आणि मायक्रोफोन आला. आता हळू गायलेलंही टिपलं जाऊ लागलं. श्वास टिपला जाऊ लागला. 'स' आणि 'श' परत आले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या आणि १९३० च्या दशकातल्या तबकड्या पाठोपाठ ऐका, फरक कळेल. गळा वयाने पिकलेला, पण यंत्र इतकं पुढे गेलेलं की पहिल्यांदाच ते जवळ बसून गाताहेत असं वाटतं.

यंत्राची तयारी झाली. शब्दांची तयारी दुसरीकडे चालली होती. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली ठळक नावं. यशवंत आपल्याकडचेच, सातारा जिल्ह्यातल्या चाफळचे. ही मंडळी आपल्या कविता सभांमधून स्वतः गाऊन दाखवत. त्याला काव्यगायन म्हणत. त्यांतले बहुतेक जण गवई नव्हते. साधी चाल लावायची आणि शब्द पोचवायचे, एवढाच उद्देश. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. नाटकातलं पात्र नाही, देवाची विनवणी नाही, तरी एखादा माणूस स्वतःच्या मनातलं गाऊन सांगू शकतो, याची लोकांना सवय लागली.

आता हवा होता तो गवई, ज्याला गाणं येतं पण ज्याला कविता झाकायची नाही.

तो विदर्भातून आला. गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी. कायद्याचं शिक्षण झालेलं, गाण्याची तालीम झालेली, ऐन विशीतले. कवीही विदर्भातला. मेहकरचे ना. घ. देशपांडे, तेही पुढे वकीलच. त्यांची 'शीळ' ही कविता जोशींनी स्वतः चाल लावून गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हिज मास्टर्स व्हॉईसने तिची तबकडी काढली. मराठीतलं पहिलं भावगीत म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पहिलं कोणतं यावर वाद घालणारे घालोत. घरोघरी पोचलेलं पहिलं, यावर फारसा वाद होऊ नये.

मला यातली एक गंमत मोलाची वाटते. कवितेचं नावच 'श' ने सुरू होतं, आणि शीळ म्हणजे तरी काय, तर बारीक वरचा सुसकारा. दहा वर्षं आधी हे गाणं कर्ण्यात गायलं असतं तर त्यातली शीळच नाहीशी झाली असती! यंत्र सुधारलं नसतं तर ही कविता गाण्यात उतरली असती का, कोण जाणे. निदान तबकडीवर तरी उतरली नसती.

दुसरी गोष्ट जरा विचार करण्यासारखी आहे. ही कविता बाईच्या तोंडची आहे. रानातून शीळ ऐकू येते आणि ती ऐकणारीच्या जिवाची जी घालमेल होते ती ती सांगते. गातो मात्र पुरुष. आपल्याला याचं काहीच वाटत नाही, कारण त्याआधी पंचवीस वर्षं बालगंधर्व शालू नेसून बाईच्या तोंडची पदं गात होते आणि महाराष्ट्र त्यांच्यावर जीव टाकत होता. पण तिथे शालू होता, दागिने होते, डोळ्यांना पटवायची सगळी तयारी होती. तबकडीवर बघायला काहीच नाही. जोशी बाईचा आवाज काढत नाहीत, लाडिकपणा करत नाहीत. पुरुषासारखेच, साध्या मोकळ्या आवाजात गातात. आणि तरी ते बोलणं बाईचंच वाटतं. कारण पात्र उभं करायची जबाबदारी वेषावरून निघून शब्दांवर आली होती. मुरक्या आहेत, हरकती आहेत, गळा तयारीचा आहे हे लपत नाही, पण हरकत शब्दाच्या आधी घुसत नाही. आधी शब्द पोचतो, मग गळा थोडं फिरून येतो.

पुन्हा हे सगळं साडेतीन मिनिटांत. ख्याल गाणाऱ्याला साडेतीन मिनिटं म्हणजे शिक्षा. तंबोरा जुळेपर्यंत तबकडी संपायची. कवितेला मात्र हे माप बरोबर बसलं. चार-पाच कडवी, मध्ये थोडं वाद्य, आणि शेवट. मोठी कविता असेल तर कडवी निवडायला लागत. पुढे कित्येक वर्षं भावगीत तेवढंच राहिलं, तबकड्या जाऊन लांब वेळेच्या रेकॉर्ड आल्या तरीही. यंत्राने घालून दिलेलं माप मराठी कानाच्या अंगवळणी पडलं होतं.

आता घरात येऊ.

आमचं कवठ्याचं घर धाब्याचं. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. फोनो सोप्यात असायचा, कारण तो पुरुषांचा. अण्णांचे गिऱ्हाईक-मित्र संध्याकाळी तिथे बसत. नाट्यपदं, भजनं, कधी एखाद्या बाईची ठुमरी. माजघराच्या दारामागे आजी आणि थोरल्या आजी. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. सासरी आल्यावर कित्येक वर्षं ती दिवसाउजेडी आजोबांशी सगळ्यांसमोर बोलली नाही, कारण तसा रिवाज नव्हता. नाव घ्यायचा तर प्रश्नच नाही.

अशा घरात ही तबकडी आली. विचार करा, अभंगात 'मी' आणि 'तू' येतात तेव्हा 'तू' म्हणजे विठ्ठल. लावणीतल्या 'मी-तू'ला घरात थारा नव्हता. आणि इथे एक मुलगी, आपल्यासारखीच, रानात शीळ ऐकून कासावीस झाली आहे, आणि ते सोप्यात चार पुरुषांसमोर मोठ्याने वाजतंय, आणि कोणालाही त्यात काही गैर वाटत नाहीये! कारण ती कविता आहे. शिकलेल्या माणसाची आहे. कुत्र्याचा छाप आहे.

आत्या सांगते की दुपारी पुरुष दुकानात गेले की दोघी जावा सोप्यात येऊन फोनो लावत. एक चावी द्यायची आणि एक दारावर लक्ष ठेवायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कर्ण्यात लुगड्याचा बोळा कोंबत. (आवाज कमी-जास्त करायला फोनोला बटण नसे. बोळा हेच बटण.) आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला चूप बसायला गुळाचा खडा मिळायचा.

आजीला ते गाणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत येत होतं. मीही तिच्या तोंडून ऐकलंय, पण फक्त परसात, भांडी घासताना, पुटपुटल्यासारखं. ना. घं.चा 'शीळ' हा कवितासंग्रह १९५४ साली निघाला. म्हणजे कविता पुस्तकात येण्याआधी वीसेक वर्षं ती गाण्यातून गावोगाव फिरत होती. पुस्तक निघालं तेव्हा अक्षरओळख नसलेल्या आमच्या आजीला ती केव्हाच तोंडपाठ होती. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे पुस्तकांची सालं देतात, ते बरोबरच आहे. पण आमच्या घराचं साल त्यात सापडायचं नाही. ते त्या तबकडीवर आहे.

खरंच तबकडीवर आहे. खिडकीजवळ नेऊन बघा. लाखेची तबकडी झिजली की काळी राहत नाही, करडी पडते. या तबकडीची एक बाजू करडी आहे, राखेसारखी. दुसरी बाजू अजून काळीभोर, चकचकीत. ट्रंकेतल्या दुसऱ्या कोणत्याही तबकडीवर इतका फरक नाही. अण्णांच्या संध्याकाळच्या मैफलीत दोन्ही बाजू वाजत असणार, एक झाली की उलटायची. एकच बाजू इतकी झिजायची तर ती दुपारीच झिजली असली पाहिजे.

इथे जरा दूर जाते, पण परत येईन.

माझी भाची दोन वर्षं फ्रान्समध्ये शिकायला होती. तिने एका जुन्या फ्रेंच गायकाची गाणी पाठवली. शार्ल पाँझेरा. जन्म १८९६, जिनिव्हाचा, कारकीर्द सगळी पॅरिसची, मृत्यू १९७६. आवाज बॅरिटोन. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधल्या उंचीचा आवाज, ना खर्जातला ना टिपेचा, साध्या माणसाच्या बोलण्याच्या सगळ्यात जवळचा. फ्रेंचांकडे 'मेलोदी' नावाचा प्रकार आहे. नामवंत कवीची कविता घ्यायची, संगीतकाराने तिला चाल द्यायची, एक गायक आणि एक पियानो. ऑपेरासारखं थिएटर दणाणून सोडायचं नाही, दिवाणखान्यात बसल्यासारखं गायचं. वाचताना मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपलं भावगीतच!

गाब्रिएल फोरे या संगीतकाराने १९२१ साली चार गाण्यांचा एक गुच्छ रचला आणि तो पंचविशीतल्या या पाँझेराला अर्पण केला. फोरे तेव्हा शहात्तर वर्षांचा आणि जवळजवळ ठार बहिरा. कविता झां द ला व्हील द मिर्मां याच्या. हा कवी पहिल्या महायुद्धात १९१४ साली २७ व्या वर्षी मारला गेला होता. समुद्र, जहाजं आणि कधीच न झालेल्या प्रवासांच्या त्या कविता पुस्तकरूपाने निघाल्या त्या तो गेल्यावर. पाँझेराने १९३० च्या दशकात ती गाणी ७८ च्या तबकड्यांवर गायली. पियानोवर त्याची बायको, माग्दलेन. आणि तबकडीवर छाप कोणता? तोच, कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचा! एकाच घराण्याची कंपनी, तिकडे तिचं नाव फ्रेंचमध्ये. तबकडीतली लाख आपल्याकडच्या जंगलांतली असण्याचीच शक्यता अधिक. जवळपास त्याच वर्षांत तोच कुत्रा पॅरिसमध्ये एका मेलेल्या पोराच्या कविता ऐकत होता आणि कवठ्याला आमच्या सोप्यात 'शीळ'.

मला फ्रेंच येत नाही. भाचीने अर्थ सांगितला तेवढाच. पण शब्द सुटासुटा ऐकू येतो, व्यंजनं कुठेही चिकटत नाहीत, आणि आवाज बोलल्यासारखा चालत राहतो. कोणाला तरी जवळ बसवून सांगितल्यासारखं. रोलां बार्त नावाचा मोठा फ्रेंच लेखक तरुणपणी या पाँझेराकडे गाणं शिकत असे. त्याने १९७२ साली आवाजाच्या पोतावर एक निबंध लिहिला आणि त्यात आपल्या या जुन्या गुरूला नंतरच्या एका जगप्रसिद्ध जर्मन गायकाच्या वर बसवलं. पाँझेराच्या गाण्यात भाषा स्वतः ऐकू येते, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश. त्याला एक हळहळही होती. लांब वेळेच्या रेकॉर्ड आल्या त्याच सुमाराला पाँझेराने गाणं थांबवलं. त्यामुळे नव्या यंत्रावर तो आलाच नाही, आणि ७८ च्या तबकड्यांबरोबर बहुतेकांच्या कानांतूनही गेला.

पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सगळं आपोआप जात नाही. कोणीतरी उचलून न्यावं लागतं. जे खपतं ते कंपन्या उचलतात. जे आवडतं ते संग्राहक उचलतात. उरलेलं मागे राहतं. यूट्यूबवर 'शीळ' आहे, कारण ते प्रसिद्ध आहे. पण ट्रंकेतल्या एकूणएक बाजूंची नावं मी तीन रात्री बसून शोधली. अकरा बाजू मला कुठेही सापडल्या नाहीत.

जोशींचंच पुढे काय झालं ते सांगते, कारण तेही या 'उचलून नेण्या'शीच जोडलेलं आहे. १९३८ मध्ये ते त्याच कंपनीत नोकरीला लागले आणि तीसेक वर्षं काचेच्या पलीकडे बसून दुसऱ्यांची गाणी मुद्रित करत राहिले. त्याआधी गंगूबाई हनगल यांच्याबरोबर त्यांनी मराठी गाणी गायली होती, त्या काळात तबकडीवर बाईंचं नाव गांधारी हनगल असं छापलेलं असे. बाईंचा आवाज तेव्हा बारीक आणि उंच होता. पुढे घशाच्या उपचारांनंतर तो भारदस्त, पुरुषी झाला, आणि आपण ओळखतो त्या गंगूबाई तेव्हापासूनच्या. पहिल्या आवाजाचा पुरावा म्हणून त्या तबकड्याच उरल्या. बडे गुलाम अली खाँ यांच्यासारख्या मोठमोठ्यांना जोशींनी ध्वनिमुद्रणासाठी राजी केलं. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची जगभर गेलेली रेकॉर्ड, तीही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात त्यांच्या या दिवसांच्या आठवणी आहेत. माणूस १९९४ साली गेला.

भावगीत पुढे गेलं. गजानन वाटव्यांनी ते खोलीतून पुण्याच्या गणेशोत्सवात नेलं आणि रस्त्यावर बसलेल्या हजारोंना कविता ऐकवली. १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. त्यातली ५६ गाणी लिहिणारे गदिमा आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे. मग अरुण दात्यांचा आवाज आला, ज्यात चढून गाण्याची कसलीच घाई नव्हती. या सगळ्यांच्या मागे तो पहिला निर्णय आहे, की आवाज खाली आणायचा, एका माणसाशी बोलायचं आणि कवितेला पुढे बसवायचं. आज तो निर्णय होता हेही आपल्याला जाणवत नाही.

असो. आता नातेवाईक मंडळी, कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे, तबकड्या वाटून घ्यायच्या नाहीत. वहिनींचा हेतू चांगला आहे, पण ४३ घरांत ४३ तबकड्या गेल्या की दहा वर्षांत त्यांतल्या चार उरतील. एकत्र राहिल्या तर तो एका घराचा कान आहे. कवठे महांकाळसारख्या गावात एका किराणा दुकानदाराच्या सोप्यात काय वाजत होतं, याची ती यादी आहे. यादीचे तुकडे केले की ती यादी राहत नाही.

दुसरं, कोणीही त्या स्पिरिटने पुसू नका. सुताराचं फ्रेंच पॉलिश म्हणजे काय, तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तबकडी स्पिरिटने पुसली तर गाण्याचंच पॉलिश होऊन फडक्याला लागेल. मऊ ब्रश, आणि फार तर ओलसर फडकं, तेही मधल्या कागदी लेबलाला न लावता.

तिसरं, एकावर एक रचू नका, उन्हात ठेवू नका. पुस्तकांसारख्या उभ्या, सरळ, कागदी पाकिटात. आणि जुना फोनो सापडला म्हणून उत्साहाने त्यावर लावू नका. पोलादी सुई प्रत्येक वेळी थोडं गाणं खाते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई असलेला हलक्या हाताचा टर्नटेबल लागतो. तो मी मिळवलाय. दिवाळीनंतर सगळ्या धड बाजू संगणकावर उतरवणार आहे. आधी त्या अकरा. पुण्याच्या पुतण्याने फायली नीट नावं देऊन ठेवायच्या, हे त्याला प्रश्न विचारल्याबद्दलचं काम.

त्यानंतर तबकड्यांचं काय, ते मिळून ठरवू. संग्राहकांची मुंबईत एक जुनी संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. जाणकार माणसांच्या हाती सोपवाव्यात असं माझं मत. एक तबकडी सोडून. करड्या बाजूची ती घरात राहावी आणि आत्याकडे राहावी. तिच्याइतका त्या तबकडीवर कोणाचा हक्क नाही.

आणि ब्लॉगवरच्या दोस्तांनो, तुमच्याही माळ्यावर असं काही असेल तर खाली काढा आणि लेबलं वाचून मला कळवा. गायक, गाणं, आणि लेबलावरचा नंबर, एवढं पुरे. आणि बाजू उजेडात धरून बघा. कोणती करडी पडली आहे तेही लिहा.